बोंडअळी, डार्विन आणि दहावीचे पुस्तक

बीटी कापसाच्या बियाण्याचे ४५० ग्रॅमचे पाकीट घेतले, की त्याच्यासोबत १२० ग्रॅमचे आणखी एक छोटे पाकीट मिळत असे. त्यात साधे, बिगर-बीटी बियाणे असायचे. शेताच्या कडेने त्याच्या काही ओळी लावा, अशी सूचना असे. विदर्भ-मराठवाड्यात ती फार थोड्यांनी पाळली. ज्या ओळींवर अळी हमखास येणार, त्या आपल्याच शेतात आपल्याच हाताने कशाला लावायच्या? हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडेल, आणि बियाण्याच्या दुकानात त्याचे उत्तर मिळत नव्हते. छोटे पाकीट बांधावर पडून राहिले.

त्या पाकिटात खरे तर दहावीच्या जीवशास्त्राचा एक धडा होता. बीटी कापसाच्या झाडात एका जिवाणूच्या जनुकामुळे विशिष्ट प्रथिन तयार होते आणि ते पोटात गेले, की बोंडअळी मरते. पण लाखो अळ्यांत एखादी अशी निघते, जिला जन्मतःच त्या विषाची बाधा होत नाही. सगळे शिवार बीटीचेच असेल, तर जगतात फक्त अशाच अळ्या. त्यांचे पतंग होतात, आणि त्यांना जोडीदारही वाचलेल्यांपैकीच मिळतो. काही वर्षांत विष पचवणाऱ्या अळ्यांचीच प्रजा होते. कडेला साध्या कापसाच्या ओळी असतील, तर तिथे विषाला बळी पडू शकणाऱ्या अळ्याही भरपूर वाढतात, त्यांच्या पतंगांशी या मोजक्या पतंगांचा संकर होतो आणि प्रतिकार पसरायला बराच वेळ लागतो. अमेरिकन बोंडअळी तुरीवर आणि हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे तिच्यासाठी अशी साधी पिके आसपास असतातच. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते. त्यात हंगाम संपल्यावरही फरदड घेण्याची पद्धत, म्हणजे अळीला मार्चपर्यंत जेवणाची सोय.

बीटी कापसाला देशात २००२ साली मंजुरी मिळाली. दोन जनुकांचे सुधारित वाण २००६ साली आले. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कापसाचे अतोनात नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे सगळे शाळेत उत्क्रांती नीट न शिकवल्यामुळे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. छोट्या पाकिटातले बियाणे अनेकदा निकृष्ट असे, जमिनीचा तुकडा लहान असे, डोक्यावर कर्ज असे, आणि सांगणाऱ्यांवर विश्वास नसे. पण एक गोष्ट उरते. ज्याला ती सूचना पाळायची होती, त्याला ती का पाळायची हे कळायला नैसर्गिक निवडीची कल्पना लागत होती. आणि ती कल्पना समजण्याची त्याची शेवटची संधी होती दहावीचा वर्ग.

शालेय विज्ञानाच्या अभ्यासक्रमात काय ठेवायचे आणि काय काढायचे, याचा विचार या बाजूने फारसा होत नाही. तो होतो अकरावीच्या बाजूने, म्हणजे पुढे वैद्यकीयला किंवा अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाला कशाची गरज पडेल, या हिशेबाने. जो मुलगा दहावीनंतर आयटीआयला, कला शाखेला, शेतीत किंवा दुकानात जाणार आहे, त्याच्यासाठी दहावीचे पुस्तक हेच विज्ञानाचे शेवटचे पुस्तक असते. जी मुलगी दहावीनंतर शाळा सोडणार आहे, तिच्यासाठी तर कोणत्याही विषयाचे.

एनसीईआरटीने २०२२ साली करोनानंतरचा भार हलका करण्यासाठी पुस्तकांतला मजकूर कमी केला, तेव्हा नेमके हेच विसरले गेले. दहावीच्या विज्ञानातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती गेली. उरली फक्त आनुवंशिकता. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण गेले. ऊर्जेचे स्रोत आणि नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन ही प्रकरणेही गेली. एप्रिल २०२३मध्ये देशातल्या अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सही केलेले खुले पत्र प्रसिद्ध झाले, ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने दखल घेतली, आणि परिषदेने खुलासा केला, की हे सारे अकरावी-बारावीत आहेच. खुलासा खरा आहे. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, अकरावीच्या रसायनशास्त्रात आवर्तसारणी आहे. पण ती कोणासाठी? विज्ञान शाखा घेणाऱ्यांसाठी; आणि उत्क्रांतीपुरते तर त्यातही जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी. संगणक अभियंता होणारा मुलगाही तिच्याशिवायच बाहेर पडेल.

‘भार’ हा शब्दही जरा तपासून पाहण्यासारखा आहे. आवर्तसारणी पाठ करायची असेल तर ती भारच आहे. ११८ मूलद्रव्ये, त्यांच्या संज्ञा, अणुअंक... कोणालाही नकोसे होईल. पण मेंडेलीव्हने १८६९ साली ती मांडली, तीच मुळी भार कमी करण्यासाठी. त्या काळी साठ-बासष्ट मूलद्रव्ये माहीत होती आणि प्रत्येकाचे गुणधर्म सुटेसुटे लक्षात ठेवावे लागत होते. त्याने ती अशी लावली, की एकाचा स्वभाव कळला, की त्याच्या खालच्याचा ओळखता यावा. सोडियम पाण्यात पेट घेते हे पाहिले, की पोटॅशियम काय करील याचा अंदाज येतो. क्लोरीन कळला, की ब्रोमीन आणि आयोडीन अनोळखी राहत नाहीत. ती काढून टाकली, तर मागे उरते नुसती यादी. हे म्हणजे घरातली मांडणी काढून टाकायची आणि सामान तेवढे ठेवायचे, असे झाले.

उत्क्रांतीचेही तेच. तिच्याशिवाय जीवशास्त्र शिकवता येते, पण ते नावांचे आणि आकृत्यांचे शास्त्र होते. आरोग्याच्या प्रश्नांत तर ही उणीव फार जाणवते. क्षयरोगाच्या गोळ्या बरे वाटल्यावरही सहा महिने का घ्यायच्या? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि औषधांना दाद न देणारा क्षय ही सरकारी यंत्रणेची मोठी डोकेदुखी आहे. गोळ्या अर्धवट सोडल्या, तर शरीरात उरलेल्या जंतूंत औषधाला पुरून उरणारे जंतू वाढतात आणि तेच पुढे पसरतात. आरोग्यसेविका हे सांगते तेव्हा रुग्णाला तो डॉक्टरांचा हुकूम वाटतो. जंतूंची प्रजा बदलते, हे ज्याने शाळेत समजून घेतले आहे, त्याला त्यातले कारण दिसते. करोनाचे नवनवे उपप्रकार का येत होते, फ्लूची लस दरवर्षी का बदलावी लागते, सर्दीला प्रतिजैविक का घेऊ नये, डासांवर एकेकाळी चालणारे औषध आता का चालत नाही, या सगळ्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. इंग्लंडने २०१४ पासून उत्क्रांती प्राथमिक शाळेच्या सहाव्या वर्षात, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात आणली आहे. तिथे ती ओझे मानली गेली नाही, कारण ती पक्ष्यांच्या चोचींपासून सुरू होते.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक चांगली गोष्ट नोंदवली पाहिजे. बालभारतीने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या पहिल्या भागात मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण हे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि दुसऱ्या भागाची सुरुवातच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ने होते. दिल्लीत कात्री चालली, तेव्हा राज्य मंडळाच्या मुलांकडे हे धडे होते. पण राज्याने आता राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या पावलावर पाऊल टाकून आपला आराखडा तयार केला आहे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात पहिलीपासून बदलाला सुरुवात झाली, आणि दहावी-बारावीची पाळी शेवटच्या टप्प्यात येणार आहे. नवे पुस्तक एनसीईआरटीच्या धर्तीवर बेतायचे ठरले, तर हे धडे राहतील का, हा प्रश्न आजच विचारायला हवा. पुस्तक छापून शाळेत पोचल्यावर तो विचारण्यात अर्थ नसतो.

मात्र धडा पुस्तकात असला म्हणजे झाले, अशी समजूत असेल तर तीही चुकीची आहे. दहावीच्या उत्क्रांतीच्या धड्यात जीवाश्म आहेत, अवशेषांगे आहेत, जोडणारे दुवे आहेत, कार्बनी वयमापन आहे, डार्विनचा आणि लॅमार्कचा सिद्धांत आहे. वर्गात यातून काय उरते? ‘टीप लिहा : अवशेषांगे’, तीन गुण. आंत्रपुच्छ, अक्कलदाढा, माकडहाड ही उदाहरणे लिहिली की झाले. गावाबाहेरच्या शिवारात ज्या वर्षी बोंडअळी कापूस खात होती, त्या वर्षी त्याच गावच्या शाळेत नैसर्गिक निवडीचे उत्तर पाठ केले जात होते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे वर्गात कोणी बोलत नाही. यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या हातात काय दिले आहे, ते आधी पाहावे लागेल.

२०२३च्या राष्ट्रीय आराखड्यात आणि त्यावरून राज्यांनी केलेल्या आराखड्यांत भाषा फार चांगली आहे. उद्दिष्टे, क्षमता, अध्ययन निष्पत्ती अशी उतरंड आहे. मुलाने निरीक्षण करावे, प्रश्न विचारावेत, पुरावा तपासावा, आपले म्हणणे मांडावे, असे त्यात जागोजागी आहे. सहावीसाठी २०२४ साली आलेल्या आणि नंतर सातवी-आठवीसाठीही निघालेल्या एनसीईआरटीच्या नव्या विज्ञान पुस्तकाचे नावच ‘जिज्ञासा’ आहे. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांतही ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’, ‘सांगा पाहू’ अशा चौकटी आहेतच. पण ‘करून पहा’ची चौकट आली, की चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ती करून कशी पाहायची, सामान कुठून आणायचे, प्रयोग फसला तर काय सांगायचे, आणि मुलाने पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला तर कुठे बघायचे, याचे उत्तर शिक्षकाजवळ नसते. मग चौकट वाचून दाखवली जाते. ‘करून पहा’चे ‘वाचून पहा’ होते.

या प्रश्नाचे उत्तर या देशात एकदा शोधले गेले होते, आणि तेही दिल्ली-मुंबईत नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात उतरले. सहावी ते आठवीसाठी ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके तयार झाली. त्यांत तयार उत्तरे नव्हती; प्रयोग होते, प्रश्न होते, आणि उत्तर मुलांनी चौघाचौघांच्या टोळ्यांत प्रयोग करून वहीत लिहायचे होते. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला, १९८२मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली, आणि पुढे तो इतर जिल्ह्यांतल्या शाळा धरून हजाराच्या आसपास शाळांत पोचला.

होशंगाबादची आठवण काढताना लोक सहसा त्या पुस्तकांचे कौतुक करतात. पण पुस्तक हा त्यातला एक भाग होता. शिक्षकाला उन्हाळ्यात प्रत्येक इयत्तेसाठी सलग तीन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे, आणि त्यात तो स्वतः मुलासारखा प्रयोग करायला बसे. एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाशी वाद घाली. शाळेला प्रयोगाच्या सामानाची पेटी मिळे, आणि फुटले-संपले ते भरून काढण्याची सोय असे. दर महिन्याला शिक्षकांची बैठक होई, तिथे कोणता प्रयोग वर्गात फसला ते सांगायचे, आणि पुढची आवृत्ती काढताना ते खरोखर विचारात घेतले जाई. मुलांनी पाठवलेल्या पत्रांना ‘सवालीराम’ नावाने उत्तरे जात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षा बदलली होती. पुस्तक उघडे ठेवून पेपर लिहायचा आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा द्यायची. पाठांतराला जागाच उरली नाही.

पुण्याचे अरविंद गुप्ता हे या कार्यक्रमाचे महाराष्ट्राला मिळालेले देणे. टेल्कोत अभियंता असताना १९७८ साली ते वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादला गेले, आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार बनवले. पुढे आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी कचऱ्यातून विज्ञानाची शेकडो खेळणी तयार केली आणि सगळी फुकट वाटली. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांच्या कपाटात त्यांच्या पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती सापडतील. त्या कुठल्या शासन निर्णयाने पोचलेल्या नाहीत.

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. ही मुले पुढे बोर्डाच्या परीक्षेत कमी पडतात, हा त्यावरच्या आक्षेपांपैकी एक होता. आठवीपर्यंत प्रश्न विचारायला शिकलेले मूल नववीत उत्तरे पाठ करण्याच्या शर्यतीत उतरले, तर सुरुवातीला मागे पडणारच. पण त्या आक्षेपावर दोन उपाय होते. नववी-दहावीची परीक्षा बदलायची, किंवा आठवीपर्यंतचा कार्यक्रम गुंडाळायचा. दुसरा स्वस्त होता.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे, फक्त ते विस्मरणात गेले. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या सुरुवातीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत प्रयोग केले. केंद्राचे प्रमुख वि. गो. कुलकर्णी यांचे लक्ष तिथे एका गोष्टीकडे गेले, ती म्हणजे पुस्तकाची भाषा. विज्ञान तेच ठेवून मराठी सोपी केली, तर मुलांना विषय जास्त कळतो, आणि ती वर्गात बोलू लागतात, असे त्यांना दिसले. मुंबईच्या महापालिका शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबरही केंद्राने पुढे काम केले, तिथेही भाषा हा कळीचा मुद्दा ठरला. ज्या मुलांना ‘विज्ञान जमत नाही’ असा शिक्का बसला होता, त्यांना खरे तर ‘क्षपण’, ‘संप्लवन’ आणि ‘अप्रगट उष्मा’ जमत नव्हते. विस्तवावरून भांडे उतरवल्यावरही भात थोडा वेळ शिजत राहतो, हे त्यांना घरी रोज दिसत होते.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हा प्रश्न सुटला नाही, त्याने रूप बदलले. आज मराठी शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग भरभरून वाहतात. पुस्तक इंग्रजीत, समजावणे मराठीत, आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत. शिक्षक ‘व्हेस्टिजियल ऑर्गन’ वाचतो, ‘म्हणजे अवशेषांग’ सांगतो, आणि मुलाला दोन्ही शब्द सारखेच परके असतात. पालकांची इंग्रजीची ओढ समजण्यासारखी आहे, तिच्यावर टीका करून काही साधत नाही. पण मग अशा दुभाषी वर्गासाठी बेतलेले शिक्षकाचे पुस्तक तरी असायला हवे ना? ‘विष पचवणारी अळी’पासून सुरुवात करून ‘रेझिस्टन्स’पर्यंत कसे जायचे, हे दाखवणारे? ते नाही.

आजच्या शिक्षकाला साधनांची कमतरता आहे, असेही म्हणता येणार नाही. उलट पूर आहे. पुस्तकात क्यूआर कोड आहेत, ‘दीक्षा’ अॅप आहे, ‘निष्ठा’चे ऑनलाइन प्रशिक्षण आहे, व्हॉट्सअॅप गटांवर रोज पीडीएफ येऊन पडतात. लिंक भरायची, प्रमाणपत्र काढायचे, ते केंद्रप्रमुखांना पाठवायचे. महिन्यातून एकदा शिक्षण परिषदही होते. पण तिथला बराच वेळ माहिती, याद्या आणि परिपत्रके यांत जातो. दहावीला पहिला भाग भौतिक-रसायनाचा आणि दुसरा जीवशास्त्राचा. दोन्ही शिकवणारा शिक्षक बहुधा एकच, आणि त्याची पदवी दोहोंपैकी एकाच बाजूची. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या शिक्षिकेला भिंगांचा धडा शिकवताना कुठे अडते, हे कोणत्या लिंकवर लिहिलेले असते?

आणखी एक धडा आहे, जो पुस्तकात असूनही अनेक वर्गांत शिकवला जात नाही. दहावीच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजनन आहे, मासिक पाळीचे चक्र आहे. ‘हा घरी वाचून या’ असे म्हणून पान उलटणारे शिक्षक आणि शिक्षिका दोन्ही आहेत. त्यांना लाज वाटते, किंवा उद्या पालक भांडायला येतील अशी भीती असते. अशा ठिकाणी ‘मोकळेपणाने शिकवा’ या उपदेशाचा उपयोग नसतो. मुले-मुली नेमके काय विचारतात, कोणत्या प्रश्नाला वर्गात उत्तर द्यायचे आणि कोणत्याला नंतर, मुलग्यांच्या हसण्याचे काय करायचे, हे अनुभवी शिक्षिकांनी लिहिलेले चार पानी टिपण हातात असेल, तर धडा शिकवला जाण्याची शक्यता वाढते. पंधरा वर्षांच्या मुलीला अनियमित पाळी आणि रक्तक्षय यांचा संबंध कळणे हा तिच्या आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो ‘घरी वाचून’ सुटत नाही, कारण घरी तो विषयच निघत नाही.

अमेरिकेचा अनुभवही इथे बोलका आहे. तिथे नव्या पिढीची विज्ञान मानके एप्रिल २०१३मध्ये आली. सुमारे वीस राज्यांनी ती जशीच्या तशी घेतली, इतर अनेकांनी त्यावर बेतून आपापली केली. समोरच्या एखाद्या घटनेपासून सुरुवात करून मुलांनीच स्पष्टीकरण बांधत जायचे, ही त्यांतली मुख्य कल्पना. कल्पना उत्तम होती. पण तिच्याशी खरोखर जुळणारे धडे मात्र वर्षानुवर्षे नव्हते, आणि शिक्षक जुनीच पुस्तके नव्या वेष्टनात शिकवत राहिले. शेवटी काही राज्यांनी एकत्र येऊन ‘ओपनसायएड’ नावाने फुकट साहित्य करायला घेतले, आधी प्रत्यक्ष वर्गांत चाचणी आणि मग प्रसिद्धी अशा क्रमाने. मधल्या शाळेचा संपूर्ण संच २०२२मध्ये पूर्ण झाला. मानके आणि वर्गात वापरता येईल असा पूर्ण संच, यांच्यात जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर पडले. पैसा असलेल्या देशाची ही गोष्ट.

महाराष्ट्राच्या आराखड्यावर मधल्या काळात चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टींची. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी, हे विषय पुढे घेता येणार नाहीत असा शेरा मारून, उत्तीर्ण करावे, या प्रस्तावावर २०२४च्या ऑक्टोबरमध्ये बरेच काहूर उठले. त्यामागची भावना समजू शकते. दोन विषयांपायी नापास होऊन शाळा सोडणारी मुले कमी नाहीत, आणि नापासाचा शिक्का बसलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे गावोगावच्या लग्नपत्रिका सांगतात. पण त्या शेऱ्यात विज्ञानाबद्दल एक कबुलीही दडली आहे : हा विषय पुढे तो घेणाऱ्यांचा, बाकीच्यांचे त्याच्याशी देणेघेणे नाही. दिल्लीने धडे काढले ते याच समजुतीने. राज्यघटनेने १९७६च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले, त्यात ‘विज्ञान शाखेचा’ असा शब्द नाही.

मुलांना नापास न करण्याचा सरळ मार्ग प्रश्नपत्रिका बदलण्यातून जातो. ज्याला ‘अवशेषांगे’वर टीप लिहिता येत नाही, त्याला कदाचित हे सांगता येईल, की गोठ्यात तीच गोचिडाची फवारणी वर्षानुवर्षे केली तर पुढे काय होते. शौचालय साफ करण्याचे आम्ल आणि कपड्यांचा ब्लीच एकत्र ओतल्यावर डोळे का चुरचुरतात, हे विचारले, तर घरात काम करणाऱ्या मुलीला चार ओळी सुचतील. त्यातून बाहेर पडणाऱ्या क्लोरीन वायूचे नाव आणि त्याचे आवर्तसारणीतले घर तिला त्यानंतर सांगता येईल. असे प्रश्न तयार करणे आणि तपासणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्यासाठीही शिक्षकाला नमुने लागतात. सध्या नमुने पुरवतात ते गाईड छापणारे. त्यांचा धंदा प्रश्न बदलला नाही तरच चालतो.

खर्चाचे म्हणावे, तर बालभारतीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घालण्याची योजना २०२३-२४मध्ये आली आणि जानेवारी २०२५मध्ये रद्द झाली. त्या कोऱ्या पानांचा कागद परवडत होता, तर शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेचा परवडत नाही, असे म्हणता येणार नाही. होमी भाभा केंद्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात, ‘स्मॉल सायन्स’मध्ये, पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तिका आणि शिक्षकाचे वेगळे पुस्तक अशी पुस्तके होती. म्हणजे नमुनाही घरातच, मानखुर्दला आहे.

दहावीची पाळी शेवटी आहे, ही या सगळ्यात सोयीची गोष्ट. नव्या पुस्तकाचा मसुदा त्याआधी एक वर्ष पन्नास-शंभर शाळांत शिकवून पाहता येईल : काही जिल्हा परिषदेच्या, काही आश्रमशाळा, काही शहरातल्या सेमी-इंग्रजीच्या. कुठला प्रयोग फसला, कुठला शब्द अडला, कुठले पान शिक्षकांनी उलटून टाकले, हे त्यांच्याचकडून लिहून घेता येईल, आणि ती टिपणेच हस्तपुस्तिकेचा पहिला मसुदा होतील. पुस्तक आणि हस्तपुस्तिका जूनच्या पहिल्या आठवड्यात एकाच गठ्ठ्यात शाळेत पोचली पाहिजेत. आजवरचा रिवाज असा, की पुस्तक जूनमध्ये येते, प्रशिक्षण दिवाळीच्या आसपास होते, आणि तोवर धडा शिकवून झालेला असतो.